एका सुताचा फरक

गुणाजी गवंडी सवयीनं वाकला, त्यानं एक डोळा मिटला आणि दुसरा थेट लेझर मशीनच्या लाल ठिपक्याला लावायला गेला. चाळीस वर्षं त्यानं दोरी अशीच पारखली होती.

"काका, मागे व्हा!" इंजिनीअर बाई धावत आल्या आणि त्यांनी काचेवर हात धरला. "त्यात बघितलंत तर डोळा जाईल! मशीनकडे पाठ करा. उजेड भिंतीवर कुठे पडतो, तेवढंच बघायचं."

गुणाजी वळला खरा, पण नजर भिंतीच्या वरच्या थरांवरच खिळली. शाळेची ही भिंत त्यानं ओळंबा आणि पातळी बघायच्या पाण्याच्या नळीवर उभी केली होती. आज चूक निघाली, तर स्लॅबआधी वरचे थर उतरवावे लागणार होते.

बाईंनी ठिपक्याऐवजी रेघ पाडणारं बटण दाबलं. शेवटच्या थराच्या कडेला चिकटून लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली.

"काका, एका सुताचाही फरक नाही!" बाई आनंदानं ओरडल्या.

गुणाजीनं टोपी मागे सरकवली. मशीनकडे पाठ ठेवूनच रेघ पुन्हा न्याहाळली आणि तोंडभर हसला.

"चांगलं आहे हो बाई तुमचं मशीन. बरोबर दाखवतंय."