बोंब आली तर बघू

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हजेरीपासून तक्रारीच्या फोनपर्यंत झाडून सगळं एकाच जुन्या सर्व्हरवर चालायचं, आणि तो चालायचा गोगलगायीसारखा. म्हणून संगणकवाल्यानं त्याचं कर्नल, मशीन चालवणाऱ्या प्रणालीचा गाभाच, हलकं करायला घेतलं. कुठल्या बसचा सपोर्ट ठेवायचा, म्हणजे आत खोचलेल्या कार्डांना मशीनशी कुठल्या वाटेनं बोलू द्यायचं, याची लांबलचक यादी समोर आली. त्यातली एक बस त्याच्या जन्माआधीची निघाली.

"तात्या, ही वापरतंय तरी कोण?" त्यानं निवृत्तीला टेकलेल्या तात्यांना विचारलं.

"असेल एखादं जुनं कार्ड. डबा उघडून बघ की."

"एवढी धूळ कोण अंगावर घेणार? बंद करून टाकतो. ज्याचं अडेल तो बोंबलेलच. आठ दिवस वाट बघू."

आठ दिवसांत कुणी हूं का चूं केलं नाही. उलट साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "सर्व्हर नुसता पळतोय! आणि आठवडाभर पाण्याची एकही तक्रार नाही. याला म्हणतात काम!"

संगणकवाल्याची कॉलर ताठ झाली. तात्यांकडे बघून त्यानं भुवई उडवली, तेवढ्यात रिकामी बादली घेऊन एक आजी तीन जिने चढून धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.

 

"आठ दिवस तुमचा तक्रारीचा फोन लावतेय मेल्यांनो, लागेल तर शपथ! शेवटी म्हटलं, आता समोर जाऊनच बोंबलावं."