हिरडीचा रंग

“सूज पायापुरतीच आहे, घरी न्या,” जनावरांचा तरुण डॉक्टर मथुराबाईला म्हणाला. तिच्या भाल्या कुत्र्याने किनाऱ्यावर वाहून आलेल्या जेलीफिशवर पाय दिला होता.

मथुराबाईचं मन मानेना. चाळीस वर्षं कल्ले उघडून मासळी पारखणाऱ्या हाताने तिने भाल्याचा ओठ वर केला. हिरडी जांभळी पडली होती.

“डॉक्टर, याच्या रक्तात जीव नाय राहिला. मशीन लावा.”

“मावशी, हा काय बांगडा आहे?” डॉक्टर हसला.

“रक्त ते रक्तच,” ती ठसक्यात म्हणाली.

त्याने भाल्याच्या जिभेला मशीनचा चिमटा लावला. रक्तातला ऑक्सिजन बहात्तर! विष पायावर थांबलंच नव्हतं. त्याने धावत सिलिंडर आणला, इंजेक्शन दिलं. मथुराबाईची नजर हिरडीवरच होती. “आता गुलाबी होतेय,” ती म्हणाली, आणि मगच आकडा नव्वदीपार गेला.

भाल्याने शेपूट हलवली, तशी तिने मासळीची पाटी डोक्यावर घेतली. तेवढ्यात कुणीतरी किनाऱ्यावरचं दुसरं कुत्रं उचलून आणलं. डॉक्टरचा हात मशीनकडे गेला आणि तिथेच थांबला.

“मावशी, आधी तुम्ही बघता?”

मथुराबाईने पाटी खाली ठेवली आणि पदर खोचला.