सातेरीचा पहिला नारळ

यल्लाप्पाची होडी चार हात पुढे गेली आणि आरोही फळीवरून अर्धवट उठलीच.

"आज्जा, तो चालला पुढं!"

"जाऊ दे की," सुकाणूवरचा हात न हलवता भरमू म्हणाला. "वारं काय त्याच्या बापाचं हाय व्हय?"

गेली चौदा वर्षं सातेरीदेवीचा पहिला नारळ भरमूच फोडत होता. धरणात गाव गेलं, माणसं दोन काठांवर जाऊन बसली आणि पाण्याबाहेर राहिलं ते फक्त देवीच्या टेकडीचं टोक. तेच आता बेट. जत्रेच्या सकाळी दोन्ही काठांची एकेक होडी एकाच घाटावरून सुटायची. इंजिन नाही, वल्हं नाही, नुसतं शीड. जी आधी बेटाला टेकेल, तिला नारळाचा मान.

भरमूला यंदा शहात्तरावं लागलं होतं. दिवाळीत त्याला दोनदा चक्कर आली. नागेंद्रनं, म्हणजे आरोहीच्या बाबांनी, अनगोळहून फोन करून सांगून टाकलं, "आप्पा, आता पुरे." पण म्हातारा ऐकतोय कुठला! शेवटी नातीनं होडीत बसायचं, या अटीवर तडजोड झाली. आरोही पोहण्यात पदकं मिळवलेली, त्यामुळे बुडायची भीती तिला नव्हती. भीती होती ती आज्जा हरण्याची. शेत गेलं, गाव गेलं, आज्जी गेली. छाती पुढे काढून सांगावं असं त्याच्याकडे हे एकच उरलं होतं, आणि ते तो वर्षभर, ऐकणारा पळून जाईपर्यंत, सांगायचा.

पलीकडच्या काठाचा यल्लाप्पा साठीचा, पण काटक. सोबत त्याचा तरणाबांड मुलगा रवळू. त्यांचं शीड नवंकोरं, भरमूचं खताच्या पोत्यांचं. सामना बरोबरीचा नव्हताच.

बेट हाकेवर आलं आणि यल्लाप्पाचं शीड फडफडत अर्ध्यावर आलं. दोरी अडकली होती. रवळू डोलकाठीशी झटत देवाधर्माला शोभणार नाही असं काहीबाही बोलत होता. भरमूची होडी शेजारून सरकली.

"काय यल्ल्या, खोबरं खायला तरी येतोस न्हवं?"

"तुमीच फोडा अण्णा. आमी हायच खायाला!"

होडी खडकाला टेकली. आरोहीनं उडी मारली आणि आनंदाच्या भरात एक आरोळीही ठोकली.

लहानपणापासून तिनं या बेटाच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि मनातल्या मनात कंटाळलीही होती. पाऊण एकराची टेकडी, तिचं कौतुक ते किती! आता ती पहिल्यांदा तिथं चालत होती. करंजाच्या दाट सावलीत तिच्याहून उंच वारूळ उभं होतं. तीच सातेरी. डोक्यावर छप्पर नाही, पुढ्यात दानपेटी नाही. कुणीतरी वाहिलेली अबोलीची वेणी तेवढी होती. पलीकडच्या उतारावर जुन्या गावाची पाखाडी पायरी पायरीनं पाण्यात उतरत गेली होती. काठावरच्या खड्यांत कुठल्याशा पाखरानं उघड्यावर दोन अंडी घातली होती, इतकी बेमालूम की ती पाय टाकता टाकता थांबली. वारा सोडला तर आवाज नव्हता. हे आपलं आहे, असं तिला वाटलं, आणि तिचा ऊर भरून आला. एवढी वर्षं आपण का आलो नाही, याची लाजही वाटली.

भरमूनं नारळ फोडला. मागून लाँचमधून आलेल्या दोन्ही काठांच्या बायामाणसांनी देवीचा जयजयकार केला. "वारं वळखायला अक्कल लागती," भरमू प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याबरोबर हेही ठेवत होता.

प्रसाद खात आरोही यल्लाप्पाच्या होडीपाशी आली. सहज म्हणून तिनं अडकलेली दोरी ओढली. शीड सरसर वर गेलं. पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. कुठेच अडेना.

यल्लाप्पा मागे उभा होता.

"काका, तुम्ही मुद्दाम हरलात?"

"हळू बोल की गं!" त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तुझी आज्जी गेली त्या सालची गोष्ट. अण्णा बोलायचा बंद झालता, जेवायचाबी. म्या म्हटलं, एवढा एक नारळ फोडू दे त्याला. नारळ फोडला आन् हसला बघ. मग पुढं मला जिकायचं जमलंच न्हाय."

"चौदा वर्षं?"

"रवळूला सोडलं तर कुणालाबी म्हाईत न्हाय." यल्लाप्पा ताठ उभा राहिला. हरलेल्या माणसाच्या तोंडावर इतकं तेज तिनं कधी पाहिलं नव्हतं. "आज्जाला बोलू नगंस. मोडून पडंल म्हातारा."

तिनं त्याच्या पाया पडून शपथ घेतली.

परतताना वारा मंद होता.  भरमूनं एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्या हातानं होडीची कड घट्ट धरली होती.

"आज्जा, काय जिंकलास रे आज!" आरोही जरा जास्तच जोरात म्हणाली.

"यल्लाप्पाशी काय बोलत हुतीस?"

"काही नाही. असंच."

"दोरीचं इचारलंस?"

ती उगाच शिडाची दोरी आवळू लागली.

"इचारलं असशील तर एक डाव ठीक हाय. पर मला म्हाईत हाय, ह्ये त्याला कळू देऊ नगंस," भरमू म्हणाला. "मलाबी आता पाण्याचं भ्या वाटतंय, पोरी. चार सालं झाली, घरीच बसावं म्हणतोय. पर मी आलोच न्हाय, तर त्यो बिचारा हरणार कुणाकडनं?"