उपडं वाडगं

केर्मा नगरात माणूस पुरला की जेवणावळीची भांडी थडग्यापाशी वाळूत उपडी घालतात. मग त्यांना कुणी हात लावत नाही.

मलियाच्या थडग्यापाशी मांडलेल्या रांगेत तिने घडवलेलं शेवटचं वाडगं होतं, लाल, काळ्या काठाचं. तिचा नवरा उतात ते घरी न्यायला आला होता. तिच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं.

"सोड ते, दादा," त्याची बहीण म्हणाली. "ती होती तेव्हा कधी भांडं उचलू लागला नाहीस, आता बरं सुचतंय!"

उतात कसनुसा हसला आणि त्याने वाडगं अलगद उचललं.

खाली कोरड्या वाळूवर ओल्या मातीचं दुसरं, लहान वाडगं होतं. अर्धवट घडवलेलं. त्याच्या काठावर बोटांचे ठसे एकामागून एक उमटत होते आणि काठ हळूहळू वर चढत होता.