हाडाची खेळाडू

हेमांगी मल्लखांबावर झेप घेणार, तेवढ्यात तिच्या मनगटावरची पट्टी लाल झाली. खुब्याच्या हाडात बसवलेलं इवलंसं यंत्र सांगत होतं, हाड पुन्हा विरळ होतंय, आतडं ड जीवनसत्त्व शोषतच नाहीये. लाल पट्टीवाल्यांना खांबावर चढायला मनाई होती.

तिने तडक घर गाठलं. "आत्या, कुठून तरी गहू पोटात जातोय माझ्या."

"गव्हाने आतडं सोलणाऱ्या तुझ्या त्या सिलिॲकपायी पोळपाट-लाटणंसुद्धा बदललं मी!" आत्या उखडली. "भाकरी ज्वारीची, आमटी तुरीची. गहू येईलच कुठून?" बोलता बोलता तिने फोडणीत चिमूटभर हिंग टाकला.

टेकवलेल्या पदार्थातला गहूही पट्टी ओळखायची, पण हिंगावर कधी कुणी संशय घेतला नव्हता. हेमांगीने डबीतला खडा पट्टीला टेकवला. पट्टी जोरात थरथरली. हिंग मैद्यात मळलेला होता.

आत्याने फोडणी मोरीत ओतली. "म्हणजे तुझी हाडं मीच पोखरली गं!"

"हिंगाने पोखरली. आजपासून फोडणी नुसत्या जिऱ्याची."

"आणि मल्लखांब?"

"हाड भरेपर्यंत खाली उभी राहून पोरींना शिकवेन. मग चढेन."

"नाहीच भरलं तर?"

"भरेल. हाडाची खेळाडू आहे मी, आत्या. हाड तेवढं परत मिळवायचंय."