सगळ्यांच्या सह्या

“ते बघा! समोरच्या उतारावर, धबधब्याच्या खाली. काळं काळं!”

वाटाड्या हे बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. कारण ते काळं म्हणजे अस्वल नव्हतंच. वीज पडून जळालेलं खोड होतं. बावीस वर्षं तो लोकांना डोंगर दाखवत होता, पण नसलेलं जनावर दाखवायची पाळी त्याच्यावर आज पहिल्यांदाच आली होती.

पावसाच्या धारांमधून ते खोड दिसत मात्र होतं अगदी पाठमोऱ्या अस्वलासारखं.

“अगंबाई! दिसलं!” दंतवैद्याच्या बायकोने नवऱ्याचा दंड गच्च धरला. “केवढं धूड आहे हो!”

“आत्ता मान हलवली बघा त्याने,” गाडी चालवायला शिकवणारा मास्तर म्हणाला. दंतवैद्याला तर त्याचे दातसुद्धा दिसले.

राहता राहिल्या तराजूबाई. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ग्रुपने हे नाव पहिल्याच दिवशी ठेवलं, बाईंनीही ते हसत घेतलं. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, खाली केली, काच पुसली, पुन्हा लावली.

“मला खोड दिसतंय,” त्या म्हणाल्या.

वाटाड्या पटकन दुसरीकडे बघू लागला.

पाहुणेघरात एक नोंदवही होती. अस्वल दिसलं की तिच्यात नोंद करायची आणि खाली गटातल्या एकूण एक माणसाने सही करायची. एक सही राहिली तरी नोंद बाद. तीन वर्षांत एकही नोंद झाली नव्हती. या मोसमात झाली नाही तर हा डोंगर अस्वलांच्या जंगलांतून वगळायचा आणि खिंडीतून रुंद रस्ता काढायचा, असं वरून पत्र आलं होतं. हा मोसमातला शेवटचा गट, आणि ही त्यांची शेवटची सकाळ. अस्वलं आहेत याबद्दल वाटाड्याला तिळमात्र शंका नव्हती. झाडांवर नख्यांचे ताजे ओरखडे होते, वाटेवर विष्ठा होती. पण विष्ठेची नोंद कोण घेणार? वरच्यांना हवी होती डोळ्यांनी बघितलेली अस्वलं.

“मावशी, नीट बघा ना,” मास्तर काकुळतीला आला. “धबधब्यापासून सरळ खाली या.”

“आले. खोडच आहे.”

“अहो, आम्ही तिघं काय आंधळे आहोत?” दंतवैद्य चिडले.

“तसं कुठे म्हणाले मी? तुम्हाला दिसलं, तुम्ही सही करा. मला दिसलं तर मी करीन. आयुष्यात न बघितलेल्या वजनावर शिक्का मारला नाही मी, डॉक्टर. आता या वयात सुरुवात करू?”

पाऊस वाढला. बुटांत जळवा शिरल्या, दंतवैद्याची बायको एका पायावर नाचत एकेक उपटू लागली. तराजूबाई मात्र खडकाला टेकून उभ्या त्या उभ्याच. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वाटाड्या त्यांच्या तोंडाकडे बघत होता. चोरी पकडली गेली, आता फक्त त्यांनी बोलायचं बाकी आहे, असं त्याला वाटत होतं. त्यापेक्षा आपणच सांगून टाकावं. डोंगर तर जाणारच, निदान तोंड दाखवायला जागा राहील.

तो पुढे झाला. “बाई, मला जरा एक सांगायचंय...”

“श्श!” बाईंनी दुर्बीण न हलवता हात वर केला. “एक शब्द बोलू नका. हलूही नका.”

तो होता तिथेच थिजला.

बराच वेळ गेला. मग बाईंनी हळूच विचारलं, “तुम्हा सगळ्यांना किती दिसतायत?”

“किती म्हणजे? एकच की!” मास्तर कुजबुजला.

“हं.” त्यांनी दुर्बीण केसभर सरकवली. आणखी काही मिनिटांनी ती खाली केली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. “दिसलं. चला, सही करते मी.”

मास्तरने चिखलातच उडी मारली. दंतवैद्य बायकोला मिठी मारून मोकळे झाले, आणि तेवढ्यात धुक्याने समोरचा उतार झाकून टाकला. वाटाड्याचा जीव भांड्यात पडला, पण त्याला आनंद मात्र होईना. बाईंना दया आली, हे उघड होतं. तीस वर्षांचा खरेपणा त्यांनी आपल्या डोंगरासाठी मोडला, आणि तोही आपल्या थापेवर! उतरताना त्याने त्यांची पिशवी मागून घेतली. त्यांच्याकडे वर बघायची मात्र त्याला हिंमत झाली नाही.

पाहुणेघरात चहा उकळत होता. वाटाड्याने नोंदवहीत लिहिलं, ‘अस्वल, एक.’ तिघांनी झोकात सह्या ठोकल्या. शेवटी वही तराजूबाईंकडे गेली. त्यांनी चष्मा लावला, नोंद वाचली आणि ती सरळ खोडली.

वाटाड्याने डोळे मिटून घेतले. पेन बराच वेळ करकरत होतं. मग खुर्ची सरकली, बाई हात धुवायला आत गेल्या.

त्याने वही ओढली. बाईंची ठसठशीत सही होती आणि तिच्यावर तीन ओळी होत्या:

‘अस्वल, एक मादी आणि दोन पिल्लं. एकूण तीन. पाव तास नीट पाहिली. वाटाड्या चुकून जे जळकं खोड दाखवत होते, त्याच्या डावीकडे वीस हातांवर.’