दुखरा हात

"आम्ही हळदीकुंकवाले येऊ, तवा तुमच्या त्या काळ्या भाडेकरणीले आतच बसवा वं. बायका बिचकतात," शेजारच्या शोभाताई जिन्यातच रुखमाबाईंना म्हणाल्या. टांझानियाहून शिकायला आलेली नीमा मागेच उभी होती. दोन वर्षांत तिला मराठी छान समजायला लागलं होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी मनीषनगरातल्या बायका काळ्याभोर साड्या नेसून मिरवत आल्या. नीमा आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसली होती. रुखमाबाई दारात मनगट धरून उभ्या.

"काय सांगू बाई, हात लय दुखून राहिला. नीमा, ये वं! आज कुंकू तूच लाव."

करंडा घेऊन नीमा बिचकतच पुढे आली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पण समोर आलेल्या कुंकवाला नाही कोण म्हणणार? उंच नीमा जराशी वाकली आणि शोभाताईंनी कपाळ पुढे केलं. मग एकेक कपाळ पुढे येत गेलं. तिळगुळाबरोबर गप्पाही रंगल्या.

बायका गेल्यावर नीमा कोमट तेलाची वाटी घेऊन आली.

"मावशी, कोणता हात दुखून राहिला?"

पाण्यानं भरलेली घागर कडेवर घेत रुखमाबाई म्हणाल्या, "कोणता सांगितला होता वं मी?"